दर्याचा कौल

श्रीवर्धनच्या दक्षिणेस, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीवाटे जेथे समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर बाजूला, हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशी पुराणोक्त नावे धारण करणाऱ्या चार टेकड्यांच्या आश्रयाने हरिहरेश्वराचे क्षेत्र वसले आहे. तेथे आलेला यात्रेकरू शिरस्त्याप्रमाणे आधी काळभैरवाचे आणि मग हरिहरेश्वराचे दर्शन घेतो, आणि तेवढ्याने यात्रा पुरी झाली असे न मानता देवळामागच्या पायऱ्या चढू लागतो. कारण येथील प्रदक्षिणा गाभाऱ्यापुरती नसून अवघ्या डोंगराला घालावयाची असते. चढ संपला की कातळ फोडून केलेल्या अरुंद, उभ्या पायऱ्यांवरून वाट एकदम समुद्राच्या तोंडाशी उतरते, आणि तेथून पुढे, शतकानुशतकांच्या लाटांनी पोखरून जाळीदार करून टाकलेल्या काळ्या खडकावरून, गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, विष्णुपद अशी स्थाने घेत, डोंगर उजव्या हाताला ठेवीत, ती पुन्हा पुळणीवर येते.

ही वाट दिवसातून दोनदा असते आणि दोनदा नसते. भरतीच्या वेळी ज्या खडकावरून प्रदक्षिणा व्हावयाची तोच पाण्याखाली जातो, आणि ज्याला समुद्राची ओळख नाही त्याला ओहोटीच्या वेळी तेथे उभे राहून, आपण समुद्राच्या तळावर उभे आहोत, याची कल्पनाही येत नाही. म्हणून येथे निघण्यापूर्वी पंचांगाचा आधार घ्यावा लागतो. चालू तिथीची पाऊणपट केली की जो आकडा येतो तो पूर्ण भरतीचा सुमाराचा तास, हा कोकणातला पिढीजात हिशेब: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला भरती, आणि तिच्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा शेवट. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार दूर ओसरते, त्यामुळे वाट ऐसपैस उघडी पडते आणि नवख्याला तोच दिवस सर्वांत निर्धोक वाटतो. वास्तविक त्याच दिवशी परतणारे पाणीही सर्वांत जोरकस असते. शिवाय भरती सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ती एकूण चढावाचा जेमतेम बारावा हिस्सा चढते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत प्रत्येकी तीन हिस्से. म्हणजे पहिल्या तासाची संथ चाल पाहून ज्याने पुढचा अदमास बांधला, त्याचा अदमास बरोबर त्याच वेळी चुकतो ज्या वेळी तो खडकाच्या मध्यावर असतो.

गेल्या काही वर्षांत या खडकांवरून लाटेने ओढून नेलेल्या पर्यटकांच्या वार्ता वारंवार छापून आल्या आहेत. बुडतो तो पट्टीचा पोहणाराच, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. ज्याला पोहता येत नाही तो घोट्याएवढ्या पाण्यापुढे जात नाही, आणि ज्याला येते तो आपल्या विद्येची सरहद्द कोठे संपते हे तेथे जाऊनच शोधू पाहतो. गावातल्या माणसाचा व्यवहार निराळा. देवळापाशी पूजेचे साहित्य घेऊन बसलेल्या बाईला कोणी विचारावे, ‘मावशी, आत्ता फेरी होईल का?’ आणि तिने समुद्राकडे मान न वळवताच सांगावे, ‘नको रे दादा, पाणी फिरलंय; उद्या सकाळी ये.’ या उत्तरात विचारणाऱ्याच्या ताकदीची, वयाची, पोहण्याची काहीही चौकशी नाही. ‘मी पुरेसा अनुभवी आहे काय’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातून काढून घेऊन दुसऱ्याच्या हाती देणे हा या किनाऱ्याचा जुना दंडक आहे. आणि पाण्याखाली खोल उतरण्याच्या आधुनिक विद्येचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हाच दंडक, पुष्कळ प्राणांचे मोल देऊन, तिने पुन्हा शोधून काढलेला दिसतो.

अलीकडे मुंबई-पुण्याकडची बरीच तरुण मंडळी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून मालवणला, गोव्याला, मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटापाशी, कोणी अंदमानात पाण्याखाली जाऊन येतात, दोन-चार वेळा जाऊन आले की त्यांना कार्ड मिळते, आणि मग त्यांच्या मनात खोल जाण्याची इच्छा उत्पन्न होते. हरिहरेश्वराच्या पाण्यात ही इच्छा पुरी व्हावयाची नाही. सावित्रीने सह्याद्रीतून आणलेला गाळ येथे पाण्यात तरंगत असतो, तळ अतिशय मंद उताराने पश्चिमेकडे जातो, आणि तीस मीटर खोली गाठावयाची तर किनारा दृष्टीआड होईपर्यंत नाव हाकारावी लागते. परंतु खोलीचा अधिकार कोणास, हा प्रश्न समजून घ्यावयास याहून योग्य जागा मला दिसत नाही. कारण येथे मनुष्य गुडघाभर पाण्यातही मरतो, आणि मरतो तो खोलीमुळे नव्हे, तर स्वतःच्या अदमासामुळे.

हा प्रदेश परवान्यांचाही प्रदेश होता, हे येथे सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्यापारी गलबताला आपले कार्ताझ घ्यावयास लावले. ते जवळ नसले तर माल जप्त. पुढे कान्होजी आंग्रे सरखेल झाल्यावर त्यांनी आपले दस्तक चालू केले, आणि मुंबईकर इंग्रजांनी ते घेण्याचे नाकारल्यावरून दोघांचे हाडवैर जुंपले. ज्या बाळाजी विश्वनाथांनी 1714 च्या सुमारास कान्होजींशी तह करून त्यांना शाहू छत्रपतींच्या पक्षात वळवले, ते मूळचे या हरिहरेश्वराच्या शेजारच्या श्रीवर्धनचे, तेथील देशमुखीचे वतनदार, आणि हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचापायी त्या कुटुंबाला किनारा सोडून घाटावर जावे लागले, आणि पेशवाई उदयास येऊन अस्तास गेली तरी श्रीवर्धन मात्र जंजिरा संस्थानात राहिले ते थेट 1948 च्या विलीनीकरणापर्यंत. खाडीपलीकडचा बाणकोटचा किल्ला 1755-56 च्या उलथापालथीत इंग्रजांकडे गेला आणि त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. एवढ्याशा पाण्यावर इतक्यांचे हुकूम चालत. तरी त्यांतल्या एकाही कागदावर नावेच्या तांडेलाला समुद्र कळतो की नाही याविषयी अक्षर नसे. दस्तक इतकेच सांगे की या नावेने जकात भरली आहे आणि हिला अमुक सरकारचे अभय आहे. वादळाला ते दाखवता येत नसे.

तांडेलाची पारख निराळ्या रीतीने होई, आणि तिचा कागद कोठल्याही दप्तरात सापडावयाचा नाही. कोळ्याचा किंवा दालद्याचा मुलगा प्रथम नावेत पाणी उपसावयास आणि स्वयंपाकाला लागे. मग शीड, मग जाळे, मग सुकाणू. आणि या साऱ्या अवधीत, आज दर्यात जावयाचे की नाही, हे त्याला कोणी विचारीत नसे. तो पाहात असे. दोरीला शिसे बांधून तळाचा ठाव घेताना किती वाव पाणी आहे एवढेच नव्हे, तर तळाशी चिखल आहे, वाळू आहे की कातळ आहे, हे हाताला लागणाऱ्या हिसक्यावरून आणि वर आलेल्या शिशाला काय चिकटले आहे यावरून जुना माणूस ओळखी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर. खोलीचे माप माणसाच्या शरीरावरून घेतले जाई. आणि एके दिवशी म्हातारा तांडेल सुकाणूवरून उठून बाजूला बसे. हाच दाखला. आषाढात दर्या बंद, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून नाव लोटावयाची नाही, हा सर्वांना सारखाच लागू असलेला निर्बंध. आता त्याच काळासाठी सरकारने पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी घातली आहे आणि तिचे मुख्य कारण माशांची वीण हे आहे. कारणे बदलली तरी त्या दोन महिन्यांत कोणाही एकट्याच्या छातीचा कस पाहिला जात नाही.

पाण्याखाली उतरणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. मन्नारच्या आखातातील मोत्यांच्या शिंपल्यांचे पाणबुडे पायाला दगड अडकवून एका दमात पाच ते दहा वाव खोल जात, आणि प्रत्येकाचा एक जोडीदार नावेत दोर धरून बसलेला असे, ज्याचे सारे काम दोराला हिसका बसताच वर ओढणे एवढेच होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथून गेलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवणाऱ्या ब्राह्मणांना मोत्यांचा विसावा हिस्सा मिळे, आणि रात्र होताच ते मंत्र सोडवीत, की कोणी चोरून बुडी मारू नये. आधुनिक वाचक येथे हसेल. मला मात्र त्या मांत्रिकाचे महत्त्व मंत्रात दिसत नाही. ज्याचा शब्द असेपर्यंत उतरावयाचे आणि ज्याचा शब्द संपताच थांबावयाचे, असा एक माणूस त्या लोकांनी किनाऱ्यावर नेमून ठेवला होता, आणि त्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा ते मोजीत होते. कोकणातल्या देवळांतून देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेण्याची जी चाल आहे तिचेही एक कार्य हेच असावे: उत्तर उजवे येवो की डावे, विचारणाऱ्याच्या आवडीने ते येत नाही.

एकोणिसाव्या शतकात विलायतेत बंद शिरस्त्राणाचा, नळीवाटे हवा पुरवण्याचा पोशाख सिद्ध झाला, आणि 1839 पासून कर्नल पॅस्ली यांच्या हाताखालचे सैनिक स्पिटहेडजवळ बुडालेल्या रॉयल जॉर्ज या युद्धनौकेचे भंगार काढू लागले. दोन पाणबुड्यांनी जोडीने उतरावयाचे ही पद्धत तेथलीच. आजच्या स्कूबाच्या बोलीत जो बडी, त्याचा जन्म तेथला. याच सुमारास आणखी एक गोष्ट दिसून आली, ती अशी की खोल पाण्यातून किंवा पुलांचे पाये खणावयाच्या दाबलेल्या हवेच्या कोठ्यांतून बाहेर आलेल्या मजुरांना वर आल्यानंतर तासाभराने सांधे धरणे, पाय लुळे पडणे, प्रसंगी मृत्यू येणे असे विकार जडत. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्ये कारण दाखवून दिले: दाबाखाली रक्तात विरलेला नायट्रोजन, मनुष्य त्वरेने वर आला की, बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. म्हणजे खाली असताना ज्याला काहीएक त्रास झाला नाही आणि जो आपल्या पराक्रमावर संतुष्ट होऊन वर येत आहे, त्याची शिक्षा ठरून गेलेली असू शकते, आणि ती त्याला ठाऊक नसते.

पुढचा भाग हॉल्डेन पितापुत्रांचा आहे, आणि त्यांतला पुत्र आपला असल्यामुळे त्याविषयी चार शब्द अधिक लिहावेसे वाटतात. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून असे ठरवले की दाब निम्म्यावर येईपर्यंत वर येणे सुरक्षित असते, त्याच्या पुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावे; 1906 मध्ये स्कॉटलंडच्या काइल्स ऑफ ब्यूट या सामुद्रधुनीत डॅमंट आणि कॅटो हे दोघे या हिशेबाने 35 वाव, म्हणजे 210 फूट, उतरून सुखरूप वर आले; आणि 1908 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधातली कोष्टके ब्रिटिश आरमाराने स्वीकारली. त्याच मोहिमेत हॉल्डेनांचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक यालाही त्यांनी पोशाख चढवून पाण्यात सोडले. पोशाख मोठ्या माणसाचा, त्यात मनगटांवाटे पाणी शिरू लागले, तरी तो मुलगा वर आला आणि जन्मभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करीत राहिला. 1939 मध्ये थेटिस ही पाणबुडी बुडाल्यानंतर त्याने दाबाखालच्या ऑक्सिजनचे विषारी परिणाम स्वतःवर अजमावले आणि आचक्यांत पाठीच्या मणक्यांना इजा करून घेतली. हाच जे. बी. एस. हॉल्डेन 1957 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचा नागरिक झाला, धोतर-सदऱ्यात वावरला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. बापाने मुलाला पाण्यात सोडले याचा आजचा पालक निषेध करील, आणि तो योग्यच. पण कोष्टकाची थोरवी अशी की ते झाल्यावर पाणबुड्याला हॉल्डेनएवढे धाडस असण्याची गरज उरली नाही. किती खोल, किती मिनिटे, कोठे किती थांबावयाचे, हे वरचा मनुष्य घड्याळ पाहून ठरवू लागला. खालच्याने आज्ञा पाळावयाची.

1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर सिद्ध केला आणि पाणबुड्याला वरच्या नावेशी बांधणारी नळी सुटली. नळीबरोबर वरचा माणूसही सुटला. या एका सुटकेत पुढच्या सगळ्या आनंदाचे आणि सगळ्या अनर्थाचे बीज आहे. खोलीवर गेल्यावर डोके हलके होते, मद्य घेतल्याप्रमाणे प्रसन्न, निर्भय वाटू लागते, हा अनुभव जुना होता, आणि त्याचे कारण दाबाखालचा नायट्रोजन असावा असे अमेरिकन आरमारातील डॉक्टर बेन्के यांनी 1935 मध्ये मांडलेही होते. पण शिरस्त्राणवाला बरळू लागला तर नळीवरून वरच्यांना ते कळत असे. आता कळणारा कोणी नव्हता. 1947 च्या सप्टेंबरात तूलाँजवळ कूस्तोंच्या पथकाने खोलीची परीक्षा घेण्यासाठी एक दोर सोडला, त्यावर ठराविक अंतरांनी पाट्या बांधल्या, आणि प्रत्येकाने जमेल तितके उतरून तेथल्या पाटीवर आपली सही करून यावे असे ठरले. मोरिस फार्ग हा त्यांच्यातला कसलेला पाणबुड्या उतरला. काही वेळाने दोरावरच्या खुणा थांबल्या, त्याला वर ओढले, तेव्हा तोंडातली नळी निसटून छातीवर लोंबत होती. तो वाचला नाही. मागाहून पाहता त्याची सही सुमारे 120 मीटरवरच्या पाटीवर सापडली.

या प्रसंगापाशी मी थोडा थांबतो. फार्ग अननुभवी नव्हता. ती विद्या त्या वेळी जगात ज्या मूठभरांना येत होती त्यांतला तो एक. त्याने प्रत्येक पाटीपाशी थांबून ‘मी आणखी खाली जाऊ शकतो काय’ असे स्वतःला विचारले असणार, आणि प्रत्येक वेळी त्याला होकारच मिळाला असणार, कारण उत्तर देणारी बुद्धी ही खोलीगणिक अधिकाधिक प्रसन्न होत जाणारी बुद्धी होती. न्यायासनावर बसलेल्या मुन्सफालाच जर पक्षकार पेला भरून पाजीत असेल, तर निवाडा काय होणार हे सांगावयास वकील नको. खोल पाण्याचे वैशिष्ट्य हे आहे, आणि डोंगर, अरण्य किंवा वाळवंट यांच्याशी त्याची तुलना येथे संपते: तेथे थकवा चढला तर मनुष्याला तो कळतो. येथे ज्या साधनाने अपात्रता ओळखावयाची तेच साधन पहिल्याने निकामी होते, आणि निकामी होताना सुख देते. पुष्कळांना तीस मीटरच्या आसपास याची झुळूक लागते. एकाच माणसाला आज लागेल आणि उद्या लागणार नाही. सवयीने तिचा परिणाम नाहीसा होतो असे समजणारे अनुभवी लोक आहेत. सवयीने मनुष्य नशेत सरळ चालावयास शिकतो, इतकेच.

मग हौशी लोकांसाठी संस्था झाल्या. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब 1953 चा; 1959 मध्ये कूस्तोंच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय महासंघ; आणि 1966 मध्ये अमेरिकेत जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी पॅडी स्थापली, जिची कार्डे आज आपल्याकडे सर्वाधिक दिसतात. तिने घातलेल्या मर्यादा सर्वपरिचित आहेत: ओपन वॉटरवाल्याने 18 मीटर, अ‍ॅडव्हान्स्डवाल्याने 30 मीटर, आणि खोल बुडीचे विशेष शिक्षण घेतलेल्याने 40 मीटर, त्यापलीकडे हौसेचे क्षेत्र संपते. आता पहिल्या कार्डासाठी खुल्या पाण्यात चार बुड्या लागतात आणि दुसऱ्यासाठी पाच. म्हणजे नऊ बुड्यांत, तेही शिक्षक शेजारी असताना घेतलेल्या, मनुष्य तीस मीटरचा अधिकारी ठरतो; मन लावले तर आठवडाभरात. मी या व्यवस्थेला लबाडी म्हणणार नाही, कारण तिच्या पुस्तकांतच लिहिलेले असते की प्रशिक्षण झाले त्याच परिस्थितीत जा, आणि मर्यादेच्या अलीकडे राहा. परंतु कोठे जावयाचे याची शिफारस करणारा, शिक्षण देणारा, योग्यतेचा दाखला देणारा आणि नावेचे भाडे घेणारा हे चारही जेव्हा एकच असतात, तेव्हा जुन्या दस्तकाची आठवण होते: जकात भरली आहे, जाऊ द्या.

खोलीचा हिशेब तसा कठीण नाही, आणि तो प्रत्येकाने कागदावर एकदा मांडून पाहावा. 12 लिटरच्या सिलिंडरात 200 बार दाबाने 2400 लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणाऱ्यास पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे 20 लिटर लागतात. तेथे ती दोन तास पुरेल. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणून तीस मीटरवर चौपट, 80 लिटर. राखीव 50 बार वजा केले तर 1800 लिटर उरतात, म्हणजे जेमतेम साडेबावीस मिनिटे; आणि मनुष्य बिथरला, प्रवाहाशी झगडू लागला, श्वास दुप्पट झाला, तर अकरा. पॅडीच्या कोष्टकाप्रमाणे न थांबता वर येता यावे यासाठी 18 मीटरवर 56 मिनिटे राहता येते, 30 मीटरवर 20 आणि 40 मीटरवर अवघी 9. अठरा मीटरवर ज्या चुकीला क्षमा आहे तिला चाळीसवर नाही. मनगटावरचा कॉम्प्युटर हा सगळा हिशेब क्षणोक्षणी करून देतो, आणि त्यामुळे पुष्कळांनी तो स्वतः करणे सोडून दिले आहे. तिथीची पाऊणपट ज्याला येत नाही अशा माणसाने मोबाइलवर भरतीची वेळ पाहून प्रदक्षिणेला निघावे, तसला हा प्रकार, आणि मोबाइल चुकत नाही हे मला मान्य आहे.

अनुभव बुड्यांच्या संख्येने मोजण्याची चाल पडली आहे, ती मोजणाऱ्याच्या सोयीची आहे. अंदमानच्या स्वच्छ, उबदार पाण्यात, वाटाड्याच्या मागे जात शंभर बुड्या घेतलेल्याला मालवणच्या गढूळ दिवशी हाताचे बोट दिसेनासे झाले तर तो पहिल्यानेच उतरल्यासारखा असतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सुट्टीत तेथे येणाऱ्या हजारोंना वाटाडे उथळ पाण्यात, पाठीमागून सिलिंडरला धरून, मासे दाखवून आणतात. त्या फेरीत पाहुणा कोठलाही निर्णय घेत नाही आणि घ्यावा अशी अपेक्षाही नसते. तिला अनुभव म्हणावयाचे असेल तर म्हणावे, परंतु तो वाटाड्याचा. स्वतःचा अनुभव मोजावयाचा तर किती वेळा उतरलो यापेक्षा किती वेळा, पैसे भरल्यानंतर, पोशाख चढवल्यानंतर, सोबती तयार असताना, ‘आज नको’ म्हणून परत नावेत बसलो, आणि तळाशी मुखवट्यात पाणी भरले किंवा सोबत्याची हवा संपली तेव्हा माझ्या हातांनी काय केले, याची नोंद शोधावी. अनेकांच्या नोंदवहीत हे रकानेच नसतात.

सावित्रीचीच एक हकिकत येथे सांगितली पाहिजे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल महापुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहनांतील माणसे. मृतदेह कित्येक कोस दूर, नदीच्या मुखाकडे आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहात गेले. नौदलाचे पाणबुडे आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. हे लोक कार्डवाले हौशी नव्हेत. कोचीच्या नौदल शाळेत घडलेले, रात्री, चिखलात, जहाजाच्या बुडाखाली काम करण्याची सवय असलेले. पाणी किती खोल होते? स्कूबाच्या भाषेत उथळच म्हणावे लागेल. तरीही प्रवाहाचा वेग आणि गढूळपणा असा की बुडी घेण्याजोगी स्थिती येईपर्यंत त्यांना वारंवार थांबावे लागले, क्रेनला 300 किलोचे लोहचुंबक बांधून नदीचा तळ वरूनच चाचपण्यात आला, नदीत मगरी आहेत हे स्थानिकांनी सांगितले ते निराळे. आणि गाड्यांचे सांगाडे हाती लागावयास ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला. काठावर नातेवाईक उभे होते, मंत्र्यांचे दौरे चालू होते, वर्तमानपत्रे दर दिवशी विलंबाचा जाब विचारीत होती. अशा वेळी उतरू नका म्हणणारा अधिकारी लोकांच्या दृष्टीने भित्रा ठरतो. त्याच्या हाताखालच्यांच्या दृष्टीने तो काय ठरतो हे त्यांनी कोठे लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही, पण त्यांतला एकही पाणबुडा त्या नदीत दगावला नाही.

आपल्या समुद्रात खऱ्या अर्थाने खोल उतरावेसे वाटावे अशी जागा म्हणजे कान्होजींचे घराणे जिच्या नावात शिल्लक आहे ती आंग्रिया बँक: विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरच्या पुढे, भर समुद्रात बुडालेले, प्रवाळांनी आच्छादलेले पठार. तिचा माथाच वीस मीटरच्या आसपास पाण्याखाली आहे, आणि कडा तेथून कित्येक पट खोल जातात. म्हणजे नवशिक्याची 18 मीटरची मर्यादा जेथे संपते तेथेच तिचा सर्वांत उथळ भाग सुरू होतो. चुकून शिकावे अशी खालची इयत्ता तेथे नाही. किनारा दिसत नाही, प्रवाह दिवसातून दिशा पालटतो, आणि वर आल्यावर बुडबुड्यांचा विकार जडला तर दाबकोठीची सोय असलेले नौदलाचे अश्विनी रुग्णालय मुंबईत, कुलाब्याला आहे. हरिहरेश्वराहून तेथपर्यंतचा रस्ताच सुमारे 200 किलोमीटरचा, आणि विजयदुर्गाहून त्याच्या दुपटीच्या घरात. शास्त्रज्ञांच्या मोहिमा आंग्रिया बँकेवर जातात, क्वचित हौशीही. अशा नावेवर चढू पाहणाऱ्याची नोंदवही तपासणारा मुरलेला म्होरक्या असेल तर तो एकूण बुड्यांची बेरीज पाहात नाही. शेवटची बुडी कोणत्या तारखेची, किती खोल, पाण्यात किती दिसत होते आणि वर आला तेव्हा सिलिंडरात किती बार शिल्लक होते, एवढे वाचतो, मग सोबत्याला बाजूला घेऊन त्याच्याविषयी विचारतो, आणि जागा रिकामी असली तरी पुढच्या हंगामात ये म्हणून सांगतो.